चक्कीतला इंग्रज

मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मीच, आणि आजवर लिहिलं ते फक्त परीक्षेत. तरी एका माणसाबद्दल लिहायला बसलो आहे, त्याची आधीच माफी मागतो. आमच्या ढाणकी गावचे कुणी हे वाचत असतील तर त्यांना तो लगेच ओळखू येईल: दळणाचा डबा नाकापर्यंत उचलून, डोळे बारीक करून झाकणावरचं नाव वाचणारा चक्कीवाला.

केस, भुवया, पापण्या, कातडी, त्याचं सगळंच जन्मापासून पांढरं. गावात त्याला 'इंग्रज' म्हणत. पोरं 'लालतोंड्या' ओरडून पळायची. म्हातारे लाडात आले की 'फिरंगी' म्हणायचे. तो कपाळावरचा दुपट्टा पुढे ओढायचा आणि म्हणायचा,

"राज गेलं बाप्पा, आता चक्कीच राह्यली."

सगळे हसायचे.

चक्की मोठ्या भावाची. पत्र्याची, अंधारी, एक खिडकी, तिलाही पोतं लावलेलं. उन्हात गेला की त्याच्या अंगावर फोड यायचे, म्हणून शेत असूनही शेतात जाणं नाही. बाजार नाही, जत्रा नाही. दिवस उगवला की आत, मावळला की बाहेर. पीठ उडून आम्ही गिऱ्हाईकंही पांढरी व्हायचो. एकदा माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमी घरी जाऊन धुऊन टाकसान. माह्यं निंघत नाही."

यवतमाळला कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती. विषय होता गोऱ्या रंगाचे विशेषाधिकार. जगात गोऱ्या माणसाला दारं आपोआप उघडतात, असे मुद्दे मी काढले होते. सुट्टीत दळण घेऊन गेलो, तेव्हा चाचरतच विचारलं, "दादा, तुम्हाले या रंगाचा कधी फायदा झाला का?"

"झाला ना! एकडाव कचेरीत गेलतो. शिपाई उठून उभा राह्यला. 'प्लीज सर' म्हने. पंख्याखाली खुर्ची देल्ली, पानी देल्लं. म्या पानी पेलो अन् म्हनलं, भाऊ, रेशनकार्डात नाव चढवाचं हाय. त त्यानं खुर्चीच काढून घेतली ना!"

हसता हसता त्याला ठसका लागला. "तेवढंच राज केलं पाहा. गिलासभर."

माझ्या मुद्द्यांत हे कुठे बसवावं, मला कळेना. 'लालतोंड्या' म्हणणारी पहिली माणसं इंग्रजांच्या राज्याखाली दबलेली असणार. तोंडावर बोलायची सोय नव्हती, म्हणून पाठीमागे म्हणत असतील. राज्य करणारे निघून गेले. शब्द मात्र गावातच राहिले, आणि ज्याच्याकडे कसलंच राज्य नव्हतं त्याच्या तोंडावर पडू लागले.

पुढे त्याच्या लग्नाचं निघालं. मध्यस्थाने बायोडेटात लिहिलं, 'वर्ण: गोरा'. वणीकडचं स्थळ खूश. हा नवा शर्ट घालून, ऊन उतरल्यावर पाहुण्यांच्या घरी पोचला.

"मुलीच्या मामीनं लाईट लावला," त्याने नंतर चक्कीवर आम्हाला सांगितलं. "माह्याकडं पाह्यलं. चहा आनतो म्हनून आत गेली, ते आलीच नाही. सारी दुनिया गोरी पाहिजे, गोरी पाहिजे म्हन्ते. म्या त गोरा गेलतो!"

या वेळी कुणी हसलं नाही. त्याने कुणाचे तरी गहू चक्कीत ओतले आणि त्या घरघरीत, माझ्याच कानाशी बोलावं तसं बोलला, "माह्यासारखं दुसरं मानूस मले अजून भेटलं नाही. भेटलं असतं त आमी एकमेकाले इंग्रज म्हनलं नसतं. नावानं हाक मारली असती."

यंदा परीक्षेमुळे मला घरी जाता आलं नाही. परवा आईचा फोन आला. त्याच्या भावाला मुलगी झाली.

"तशीच हाय रे," आई म्हणाली. "कापसावानी."

घरात पेढे वाटले नाहीत. बारशाच्या आधीच गावाने तिचं नाव ठेवलं, 'इंग्रजीन'. चक्कीवर एकजण म्हणाला, "काय इंग्रजा, तुह्या राज्याची रानी आली म्हने?"

तो काय म्हणाला असेल, हे मला पाठ होतं. पण आई म्हणाली, "काहीच बोल्ला नाही. चक्की बंद केली. मंग दारात येऊन उभा राह्यला, भर उन्हात. म्हने, पोरीचं नाव वैष्णवी हाय. नावानं बोलसान तव्हाच चक्की चालू होईन."

"मंग?"

"मंग काय. दुसरी चक्की जवळपास हाय कोठं? बाया डबे घेऊन उभ्या. हा उन्हात लालभडक, पन आत जाईना. शेवटी एक म्हातारी बोल्ली, वैष्णवीच्या काका, माह्यी ज्वारी दळून दे रे. तव्हा गेला आत. आता सारेच तसं म्हन्तेत. तिले वैष्णवी, अन् त्याले वैष्णवीचा काका."

मला फार बरं वाटलं. मग विचारलं, "आई, त्याचं सोताचं नाव काय?"

"थांब, तुह्या बाबाले इचारा लागन." मग तिने तिथूनच आवाज दिला, "अवो, त्या चक्कीवाल्याचं नाव काय?"

फोनमध्ये लांबून बाबांचा आवाज आला.

"कोनाचं? इंग्रजाचं?"