केक पडला अन् सुनीताला हाक आली

मंडळी, आज मी धंदा फार छान चालवला. ऐका.

ऑफिसांच्या साफसफाईचा ठेका घेते मी, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दुपारी गोरखपूरच्या एका ऑफिसात काम पाहायला गेले, तर तिथे मॅनेजरचा वाढदिवस सुरू होता. आमची सुनीता बाहेर संडास धुऊन राहिली होती.

आतून हाक आली, "सुनीता दीदी, ज़रा अंदर आइए!"

तिनं ग्लोव्हज काढले, साबणानं हात धुतले, केस नीट केले अन् हसत आत गेली.

केकचा एक तुकडा गालिच्यावर पडला होता. मॅनेजर म्हणाला, "ये उठा लीजिए, चींटी लग जाएगी."

सुनीताचा हात पुढे झाला होता, तो तसाच राहिला. कोणीतरी म्हणालं, "अरे, इनको लगा केक मिलेगा!" सगळे हसले. मग माझ्याकडे पाहू लागले.

ग्लोव्हजशिवाय घाणीला हात लावायचा नाही, हा माझाच नियम. मी म्हटलं, "सुनीता, ग्लोव्हज काहून काढले? घालून ये."

ती घालून आली. गुडघ्यांवर बसून तिनं क्रीम पुसलं. डाग राहू दिला नाही.

मॅनेजरनं माझ्या हातात प्लेट दिली. "मैडम, आपका स्टाफ बड़ा डिसिप्लिन में है."

मी केक खाल्ला. रिकामी प्लेट न्यायला सुनीताच आली.

आता मला खुशाल शिव्या घाला. फक्त आधी सांगा, तुमच्या ऑफिसातल्या बाईला तुम्ही शेवटची हाक कशासाठी मारली होती?