दिपमालाचं केळं

तव्यावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी फुगत होती, दुसरी परातीत थापून तयार होती, आणि नेमकी तेव्हाच दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारी आमच्या पिंप्राळ्याच्या गल्लीत एकच, दिपमाला. कोपऱ्यावरच्या बालवाडीची ताई. दोन्ही हात कायम भरलेले, म्हणून कोपरानेच दार वाजवते. आज मात्र हातात एकच वस्तू होती. केळं.

"भाकऱ्या अजून व्हायच्यात," मी म्हटलं. बालवाडीत आज चवींची पंगत होती आणि भाकऱ्या माझ्याकडे होत्या.

"त्या राहू द्या वहिनी. मला आधी केळं खायला शिकवा."

मी गॅस बारीक केला. दिपमाला चोपड्याकडची. तिच्या वडिलांचा, झुलाल आबांचा, केळीचा बाग आहे. इकडे जळगावला येताना आबा लेकीसाठी केळ्यांची फणी आणतातच आणि मला दरवेळी सांगतात, "मनी पोरले केळंबिगर चालत नही." त्या फण्या अख्खी गल्ली खाते. पोर मोठ्या मनाची, असं आम्ही सगळ्या म्हणत आलो. ते मोठं मन असं होतं तर.

"अगं, केळीच्या बागेत वाढलीस ना तू?"

"म्हणूनच. शाळेतून आलं की केळं, पाहुणे आले की केळं, ताप आला तरी केळं. आता वाससुद्धा नको होतो."

"मग आजच कुठून हौस आली?"

"अखिलमुळे."

अखिल तिच्या वर्गातला. दूधभाताशिवाय कशालाही तोंड लावत नाही, डब्यातही तोच. त्याची आई रोज न्यायला येते आणि फाटकातूनच विचारते, आज काही खाल्लं का. पंगतीचा नियम दिपमालानेच केलेला: प्रत्येक पदार्थाचा एक घास घ्यायचा, तोंड वाकडं करायचं नाही. काल अखिल तिच्याजवळ येऊन म्हणाला, "ताई, तुम्ही केळं खाल्लं तर मी कारलं खाईन." वाढदिवसाच्या खाऊतलं केळं ताई गुपचूप पर्समध्ये सरकवतात, हे त्याने हेरून ठेवलं होतं. न खाणाऱ्याला न खाणारा बरोबर ओळखतो.

"आज मी मागे सरकले, तर तो परत कुणाचं ऐकायचा नाही," ती म्हणाली.

"शिकरण करून देते."

"नुसतंच खायचं, असं ठरलंय."

"मग भजी?"

"वहिनी, तो लहान आहे, बावळट नाही."

तिने केळं सोललं आणि उंदीर घेईल एवढा घास घेतला. चेहरा असा केला, जणू मी तिला एरंडेल पाजलंय.

"तोंड वाकडं करायचं नाही," मी आठवण करून दिली.

"हा नियम कुणी केला?"

"तूच."

ती बराच वेळ तो घास तोंडात घोळवत राहिली.

भाकऱ्या घेऊन मीही बालवाडीत गेले. खरं तर केळं बघायलाच गेले. सतरंजीवर मुलं गोल बसली होती. जिनलच्या आजीने मारवाडी पद्धतीची, सांगरीच्या सुक्या शेंगांची भाजी दिली होती. पोरांनी ती आधी काड्या म्हणून बाजूला सारली, मग वाटी पुसून खाल्ली. ठेच्याला तर कुणी तिखटच म्हणेना. शेवटी कारल्याची ताटली अखिलसमोर आली आणि त्याने ताईंकडे पाहिलं.

दिपमालाने पर्समधून दुसरं केळं काढून सोललं. मोठा घास घेतला. चावला. डोळे मिटले गेले, नाक आक्रसलं, तोंड पार कानापर्यंत वाकडं झालं.

"ताईंनी नियम मोडला," जिनल म्हणाली.

दिपमालाच्या तोंडात अजून केळं होतं. अखिलनेच निकाल दिला. "असू दे. खाल्लं ना." मग कारल्याची फोड तोंडात टाकून त्याने ताईंपेक्षा वाकडं तोंड केलं. ते बघून सगळ्यांनाच पुन्हा कारलं हवं झालं, तोंड वाकडं करायला.

दुपारी फाटकातून प्रश्न आला, तेव्हा दिपमालाच्या आधी अखिलच ओरडला, "कारलं." आईला ते पटेना. तिने दोनदा विचारून घेतलं.

परतताना दिपमाला माझ्या ओट्यावर टेकली. उरलेलं अर्धं केळं अजून हातातच होतं. ते तिने माझ्या रिकाम्या डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं.

"उद्या आबा येतायत फणी घेऊन," ती म्हणाली. "त्यांना एवढं सांगू नका, वहिनी."