कोऱ्या पानाखालची सही

शाळेच्या फाटकात शिपायानं माझ्या पोरीचं दप्तर पालथं केलं. वह्या मातीत, भाकरीचं फडकं मातीत. मागून शाळा समितीच्या चेअरमनचा नातू जीपमधून उतरला, तसाच आत गेला.

शाळेचा नळ चोरीला गेला होता. तेव्हापासून ही तपासणी, फक्त आमच्या वस्तीवरच्या पोरांची. पोर तिसरीतली. खाली बघून वह्या झटकत राहिली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी हेडमास्तरांकडे गेले. त्यांनी शाळा समितीचं रजिस्टर उघडून बोट ठेवलं.

"तपासणीचा ठराव झालाय बाई. खाली सही कुनाची? तुमचीच ना?"

माझीच होती.

समितीत वस्तीवरची एक बाई पाहिजे, म्हणून मला घेतलेलं. मीटिंगला सगळे खुर्च्यांवर, मी दाराशी सतरंजीवर. रीतच अशी, की आधी कोऱ्या पानावर सह्या, मग चहा. ठराव हेडमास्तर मागाहून सवडीनं लिहिणार. मी चौथी शिकलेली, सही येते याचाच तोरा. माझ्याच पोरीला चोर ठरवलं आणि खाली सही माझी. स्वतःची लाज वाटली.

मग कशावरच विश्वास बसेना. शाळेला नवी भिंत झाली, तीही फिरून पाहिली. वस्तीच्या बाजूला पुरुषभर उंच, वर काचा. आमची पायवाट बंद. पोरांना आता उसाच्या कडेनं वळसा. आणि उसाच्या बाजूला भिंतच नाही, कारण चेअरमनचा ट्रॅक्टर तिथून जातो. त्या उसात बिबट्या होता. चिखलात त्याचे ठसे मी डोळ्यांनी पाहिले. मग भिंत अडवतेय कुणाला?

पुढच्या मीटिंगला कोरं पान फिरत आलं. भिंत पूर्ण झाल्याचं तालुक्याला कळवायचं होतं.

"आदी लिवा, मग सही," मी म्हणाले.

चेअरमन हसले. "लई शानी झाली का? आगं, तुमची पोरं काटक. बिबट्याच पळंल त्यास्नी बघून."

सगळे हसले. हेडमास्तरही.

मी रजिस्टर मांडीवर ओढलं. सावकाश लिहिलं, 'भिंत अर्धी आहे. वस्तीची वाट बंद, उसाची बाजू उघडी. तिथं बिबट्या येतो.' खाली सही केली.

चेअरमननी पान फाडलं.

मी पुढच्या पानावर तेच लिहिलं. तेही फाडतील. पोरांना वाट मिळेपर्यंत माझ्या हातून दुसरं काही लिहिलं जाणार नाही.