क्रुसावरचं नाव

माझ्या बायकोला हे माहीत नव्हतं, आणि तिच्याबरोबर मी जन्मभर एका चुलीवरचं खाल्लं. फादरपुढे गुडघे टेकून पापं सांगितली ती वेगळीच — शिव्या दिल्या, मोहाची प्यायलो, शेजाऱ्याच्या बांधावरचा साग तोडला. हे एक तेवढं मागे ठेवलं. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हेच कारण असेल.

मी चार यत्ता शिकलेला माणूस. हात सुताराचा आहे, तेव्हा फळी तासावी तसं हळूहळू लिहीन.

मी मामाच्या हातचा वाढलो. आई मी रांगत असताना तापाने गेली. बाप सुरतेकडे मजुरीला गेला तो तिकडचाच झाला. मामाने लग्न केलं नाही. तो पावरी वाजवायचा — भोपळ्याची, मोठी, पिशवीत हवा भरावी तसे त्याचे गाल फुगायचे — आणि मी त्याच्या मांडीवर झोपायचो. त्याचं नाव मी शेवटी लिहीन. आधी लिहिलं तर पुढचं हातून होणार नाही.

मग त्याच्या अंगावर चट्टे आले. बोटं वाकडी व्हायला लागली, पावरीची भोकं दाबली जाईनात. आमच्याकडे त्याला रक्तपिती म्हणत. गावाने त्याला नाल्यापलीकडे झोपडी घालून दिली. मिशनचा एक मास्तर पाड्यावर आला तेव्हा मामानेच मला त्याच्यामागे लावून दिलं. दीड दिवसाची वाट. मास्तर पुढे, मी मधे, आणि मामा दहा पावलं मागे. शाळेची कौलं दिसली तशी तो थांबला. मी वळून पाहिलं तर तो पाठमोरा चालत होता.

शाळा नवापूरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी. इंग्रजांचं राज्य होतं, दुसरी मोठी लढाई अजून सुरू व्हायची होती. आमचे फादर संत फ्रान्सिसच्या संघातले — तपकिरी झगा, कमरेला तीन गाठींची दोरी, पायात चपला, त्याही शिवलेल्या. आपलं ताट आपण घासायचे. फ्रान्सिसने सगळ्यांना भाऊ-बहीण म्हटलं, म्हणून आम्हीही म्हणायचो. सूर्य भाऊ, विहिरीचं पाणी बहीण, बैलसुद्धा भाऊ. माझ्या शेजारी झोपणारा गोमा धार काढताना गाईला म्हणायचा, "बहीणबाई, लाथ मारशील तर नातं तुटेल." फादर हसायचे. मला ते सगळं आवडायचं. आजही आवडतं. दोष त्या शाळेचा नाही, फादरचा नाही.

पोरं विचारायची, तुझं कोण आहे घरी? मी सांगितलं — मामा. जंगलखात्यात नाकेदार आहे, बंदूक आहे त्याच्याकडे. त्या काळी नाकेदार म्हटलं की आमच्या डोंगरातली माणसं पाटीखालची कोंबडी लपवायची. पोरं गप्प झाली. ती गप्प झालेली मला इतकी गोड लागली, की मी बंदुकीला हरणाच्या शिंगाची मूठही लावून दिली. मामाला पाहिलेला तो मास्तर तोवर दुसऱ्या मिशनवर गेला होता, आणि दोन वर्षं मी त्या बंदुकीवर जगलो. गोमा तेवढा अधूनमधून टोचायचा, "तुझा मामा एकदा डुक्कर तरी पाठवेल का रे? का बंदूक नुसती पुसतोच?"

भात पिवळा पडायला लागतो त्या सुमारास फ्रान्सिसचा सण यायचा. सकाळी मिस्साची प्रार्थना, मग बैल-शेळ्या-कोंबड्यांना आशीर्वाद, आणि दुपारी जेवण — वर्षातून एकदाच मटण. त्या जेवणाची एक रीत होती. पितळेचं एक ताट मधे ठेवायचं. प्रत्येक पोराने आपल्या ताटातला पहिला घास त्यात घालायचा. मग एका पोराने ते ताट घेऊन ओसरीच्या पायरीवर उभं राहायचं. वाटेने जो पहिला भुकेला येईल, त्याला नाव विचारायचं. नाव मोठ्याने सांगायचं, सगळ्यांनी "या, अमुक भाऊ" म्हणायचं, आणि ताटवाल्या पोराने त्याच्यासमोर बसून त्याच ताटात जेवायचं. नाव विचारायचंच — फादर त्यावर अडून असायचे. बिननावाच्या माणसाला वाढायचं नाही, तो भिकारी होतो म्हणायचे.

त्या वर्षी ताट माझ्याकडे होतं. प्रार्थना मला सगळ्यांत आधी पाठ झाल्या होत्या.

वाटेवर एक माणूस दिसला. तोंड दिसायच्या आधी मी चाल ओळखली. पायांना फडकी गुंडाळलेली, टाच आधी टेकवून चालत होता. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी.

मागून गोमा हळूच म्हणाला, "मेलास. रक्तपित्या आहे. बस आता त्याच्या ताटात."

मी रोगाला घाबरलो नाही, हे खरं सांगतो. मी त्या माणसाच्या कुशीत झोपलो होतो. मी घाबरलो ते एवढ्यालाच, की तो मला नावाने हाक मारेल. तो हसला, तोंड उघडायला लागला — आणि मी त्याच्याआधी मोठ्याने विचारलं,

"बाबा, तुझं नाव काय?"

तो माझ्याकडे बघत राहिला. किती वेळ? घास गिळायला लागतो तेवढाच असेल. त्याचं नाव मी गोमाला सांगून बसलो होतो — नाकेदाराचं नाव म्हणून. मामाला हे कुठून ठाऊक असणार? त्याने माझं तोंड तेवढं पाहिलं असेल.

"मंगळ्या," तो म्हणाला. घरची बोली सोडून बाजारात शिकलेली अहिराणी तो बोलला. "मन्हं नाव मंगळ्या शे."

मी ते खोटं नाव पुकारलं. पोरं ओरडली, "या, मंगळ्या भाऊ."

आम्ही बसलो. पोरं भिंतीला चिकटून बघत होती, मी किळस करतो का. कसली किळस? त्या हाताने मला भरवलेलं होतं. माझा हात ताटात सवयीने गेला, त्याच्या हाताशेजारी. फादर दारात उभे होते. त्यांनी ते पाहिलं. जेवण झाल्यावर जवळ येऊन त्यांनी मामाला विचारलं, या मुलाला ओळखतोस का तू?

"नही, फादर. कोना पोऱ्या शे हाऊ? चांगला शे."

मग त्याने फडकं सोडलं. काकडी होती, त्या सालच्या वेलाची पहिली. आमच्याकडे पहिलं फळ देवापुढे ठेवून घरच्या लेकराच्या हातात देतात. त्याचं घरचं लेकरू मीच होतो. त्याने ती फादरला दिली. फादरनी विळीवर चिरली, पहिली फोड स्वतः खाल्ली, उरलेल्या आम्हाला वाटल्या. गोमाने आपली फोड हळूच शेळीला टाकली. मी खाल्ली. मी खाईपर्यंत मामा बघत होता, मग त्याने मान खाली घातली.

संध्याकाळच्या प्रार्थनेला फादरनी मला पुढे बोलावलं. अनोळखी रोग्यासोबत एका ताटात जेवणारं पोर या शाळेत निघालं, म्हणाले, मला आता दुसरं काही नको. आपल्या दोरीचा तीन गाठींचा तुकडा कापून त्यांनी माझ्या हातात दिला. मी तो घेतला. तेव्हा बोलता आलं असतं ना? आलं असतं. दोरी मऊ होती, आणि पोरं परत गप्प झाली होती.

इथवरचं एखादा पोरवयाचं म्हणून सोडून देईल. म्हणून पुढचं सांगायला हवं.

फादरनी त्याला जाऊ दिलं नाही. शाळेच्या आंब्यांमागे झोपडी बांधून दिली. तीन वर्षं तो तिथे राहिला आणि तीन वर्षं त्याचं ताट मी नेलं — मला तो मान होता. "मंगळ्या भाऊ, ताट आणलं," मी म्हणायचो. रोज. एका दुपारी पोरं सगळी नदीवर होती, फादर पाड्यांवर गेलेले. आंब्याखाली आम्ही दोघंच. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आमच्या घरच्या बोलीत हळूच म्हणाला,

"आता कोणी नाही."

एवढंच. दुसरं काही मागितलं नाही.

मीही इकडेतिकडे पाहिलं. खरंच कोणी नव्हतं. आणि मी मराठीत म्हणालो, "जेवून घे, भाऊ. ताट परत न्यायचंय."

त्याने ते परत कधी म्हटलं नाही.

शेवटच्या दिवसांत त्याने बाप्तिस्मा घेतला. फादर म्हणाले, फ्रान्सिस नाव ठेवू, पण तुझं आधीचंही राहू दे. आधीचं काय लिहू? मी उशाशी पाण्याचा तांब्या धरून उभा होतो. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. "मंगळ्या," म्हणाला.

मी तेव्हा सुतारशाळेत होतो. क्रूस मीच केला, अक्षरं मीच कोरली. सागाची फळी, खोल अक्षरं, उत्तम काम. फादर म्हणाले, मंगळ्या भाऊला यापेक्षा जवळचं कोण होतं?

सागालासुद्धा शेवटी वाळवी लागतेच. तो क्रूस मी आजवर चार वेळा नवा केला. पहिल्यांदा भीतीने तेच नाव कोरलं म्हणा. फादर गेले, गोमा गेला, बंदूक आठवणारं कोणी उरलं नाही, तरी तेच कोरलं. भीती कुणाची होती मग? मी हट्टी माणूस आहे, एकदा मारलेला खिळा उपटत नाही, असं अभिमानाने सांगत आलो. दर वर्षी सणाला शाळेत मला खुर्ची देतात आणि मी त्या ताटाची गोष्ट सांगतो. पोरं गप्प बसून ऐकतात. मला अजून गोड लागतं.

या पावसात क्रूस परत खाली आला. नवी फळी तासून पडवीत ठेवली आहे. पेन्सिलीने रेघा ओढल्या आहेत. या वेळी अक्षरं दोनच आहेत.

बुध्या. माझ्या आईचा सख्खा भाऊ. नाकेदार नव्हता, पावरी वाजवायचा. मला त्याने वाढवलं, आणि मी त्याला त्याचं नाव विचारलं.