पहिल्या एसटीमागे धावणारे आमचे साडू

आमच्या थोरल्या साडूंइतका भिडस्त माणूस तापीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. न्हाव्याने चुकून अर्धी मिशी उडवली, तर हे उरलेली अर्धी आपणहून पुढे करतील. त्यांच्या केळीच्या बागेत म्हैस शिरली, तर तिला हुसकायच्या आधी ती कुणाची याची चौकशी करतील, मालकाला वाईट वाटू नये म्हणून. स्वतःच्या बैलाला "सरका जरा" म्हणताना मी त्यांना या कानांनी ऐकलंय. त्यांच्या गावात, असोद्यात, सगळे त्यांना नाना म्हणत, मीही नानाच म्हणायचो, आणि माझ्याहून दहा वर्षांनी मोठे असूनही मी गेलो की "या पाहुणे" म्हणत ते उठून उभे राहायचे.

अशा माणसाला जळगावच्या डॉक्टरांनी रोज सकाळी पळायला सांगितलं. वय अठ्ठेचाळीस, फटफटी घेतल्यापासून सुटलेलं पोट, वर रक्तदाब. आधी चाला, मग झेपेल तेवढं पळा, म्हणाले. डॉक्टरांचं काय जातं सांगायला! ही नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. तेव्हा गावात बाप्या माणूस पळताना दिसला की लोक तीनच अर्थ काढत. बैल सुटला, घरात कुणी शेवटच्या घटका मोजतंय, नाहीतर एसटी चुकली. नानांनी दोन दिवस विचार करून एसटी निवडली.

काखेत नायलॉनची पिशवी, डोक्यावर टोपी, आणि जळगावची पहिली गाडी स्टँडवरून हलली की हे तिच्यामागे पळत सुटायचे. गाडी पुढे निघून जायची, हे मागे पडायचे, बघणारे हळहळायचे. बेत नामी होता, पण कंडक्टर देवमाणूस निघाला. चौथ्या दिवशी त्याने घंटी मारून गाडी थांबवली. गाडीभर माणसं खोळंबलेली, कंडक्टर दारातून हात पुढे करून उभा. मी तब्येतीसाठी पळतोय, एवढं सांगायची नानांची छाती झाली नाही. ते मुकाट्याने चढले, जळगावचं तिकीट काढलं आणि साडेसहाला घामाघूम होऊन जळगावात आमच्या दारात हजर झाले. पुढे आठवड्यातून दोनदा तरी हे व्हायला लागलं. आमची ही चहाचं आधण सकाळी एक कप जास्तच ठेवू लागली.

असाच एकदा चहा पिताना ते मला हळूच म्हणाले, "पाहुणे, आमचे आबा पन्नाशीच्या आत गेले. थोरला भाऊही तसाच गेला. मला फक्त धाकट्या पोरीच्या हळदीला उभं राहायचंय." मग लगेच ओशाळले आणि हे कुठे बोलू नका म्हणाले.

आणि मी काय केलं? सावद्याला नात्यातल्या एका लग्नात, वरण-बट्टीच्या पंगतीत, सगळ्या सोयऱ्यांसमोर ती गोष्ट सांगितली. तीही निम्मीच. आबा, भाऊ, हळद सगळं गाळलं. टोपी, पिशवी, कंडक्टर मात्र नकलेसकट. लोक हसले की मला चेव येतो, वाईट खोड आहे. माणसांना ठसके लागले. नाना त्याच पंगतीत चार पानं सोडून बसले होते. बट्टी कुस्करत तेही हसले. त्यांची धाकटी तूप वाढत होती, ती माझं पान वगळून पुढे गेली. तेव्हा कुठे मी नक्कल आवरली.

परत येताना बायको गाडीत माझ्यापासून दोन बाकं सोडून बसली. तीन आठवड्यांनी तिच्या बहिणीचा, अक्कांचा निरोप आला की नानांनी पळणं सोडलंय. गाडीतली माणसं खिडकीतून "नाना, पळा पळा" ओरडतात म्हणून. शनिवारी संध्याकाळी असोद्याला गेलो. माफी मागायला तोंड नव्हतं, म्हणून म्हटलं, उद्या मी येतो तुमच्याबरोबर, बघू कोण हसतं ते. नानांना माझी झोप मोडणार याचाच संकोच.

सकाळी मी त्यांचा ढगळ पायजमा घालून, नाडी एका हातात धरून निघालो. नाना आज मोकळ्या हातांनी पळत होते. मागून गाडी आली आणि सवयीने थांबली. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. नाना कानापर्यंत लाल झाले, पण त्यांनी हात वर केला.

"जाऊ द्या भाऊ गाडी. मी तब्येतीसाठी पळून राहिलो."

सगळ्या गाडीने ऐकलं. कुणीही हसलं नाही.

तेवढ्यात एका खिडकीतून आमच्या कचेरीतले हेडक्लार्क डोकावले. सासुरवाडीहून परतत होते. तुम्ही इकडे कुठे, आणि या वेशात, म्हणून त्यांनी विचारलं.

"गाडी गाठायला पळतोय, साहेब," माझ्या तोंडून निघून गेलं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. मी चढलोसुद्धा. मागच्या काचेतून बघितलं, तर नाना आपलं पोट सांभाळत एकटेच पळत होते.

पुढे ते रोज पळाले. पन्नाशी ओलांडली, धाकटीच्या हळदीला उभे राहिले, सगळं नीट झालं. मला मात्र आठवते ती त्याच रविवारची दुपार. पायजम्यात घरी आलो तेव्हा बायकोला थाप मारली होती की खूप पळालो, दमलो म्हणून गाडीने आलो. आणि दुपारी नाना फटफटीवरून माझी पँट वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. मी चोरासारखा दाराशी उभा. बायकोने त्यांना सरळच विचारलं, हे खरंच पळाले का? नानांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"निम्म्या रस्त्यापर्यंत पळाले ना. यांच्यामुळेच माझी भीड चेपली."

महिन्याभरात पहिल्यांदा ती माझ्याकडे बघून हसली आणि चहाबरोबर लाडू आणून ठेवला. मी तो खाली मान घालून खाल्ला. खरं तर मी विजेच्या दुसऱ्या खांबापर्यंतसुद्धा पोचलो नव्हतो.