गाजलेल्या गाण्याची परवानगी

कला कोणाच्या मालकीची नसते, ती साऱ्या समाजाची असते, हे मी अमरावतीच्या अनेक व्यासपीठांवरून ऐकलं आहे आणि प्रत्येक वेळी मान डोलावली आहे. कलेच्या मालकाचं मुंबईत ऑफिस असतं आणि ते शनिवारी बंद असतं, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

शाळेपासूनचा माझा एक मित्र लग्नाचा बँड चालवतो. अकोल्याचा एक बँड मोबाइलवर दिसतो म्हणून आपल्या ऑर्डरी पळवतो, अशी त्याची खात्री झाली होती. लग्नसराईच्या आत त्याला वेबसाइट हवी होती, आणि ती मी करून देत होतो. अट एकच: पान उघडताच त्याच्या मंडळींनी वाजवलेलं एक गाजलेलं सिनेमाचं गाणं दिसलं आणि ऐकू आलं पाहिजे.

मी म्हटलं, "परवानगी लागेल."

"हाये ना! दरसाल पोलीस ठान्यातून काढतो."

"ती लाउडस्पीकरची. ही गाण्याची."

"मंग गानं का लाउडस्पीकरच्या बाहेर वाजते?"

चाल संगीत कंपनीच्या मालकीची आहे, असं मी समजावलं.

"चाल त्यायची, पन फुकून तं आमी राह्यलो ना!"

मी कंपनीला ईमेल केला. त्यांनी विचारलं, गाणं कोणकोणत्या प्रदेशांत वापरणार? मित्राने विचार करून सांगितलं, "अमरावती, अकोला. वलगाव लिही पाहिजे तं." मी तसंच कळवलं. वेबसाइट जगभर दिसते, त्यामुळे परवानगीही जगभराचीच घ्यावी लागेल, असं सभ्य उत्तर आलं. सोबत आकडा होता.

"जगात कोन बलावते बे आमाले?" त्याने मोबाइल परत दिला.

मी आरतीची जुनी चाल सुचवली. तिच्यावर कोणाचा हक्क नव्हता.

"आरतीवर वरात नाचते का लेका?"

लग्नसराई तोंडावर आली होती. दुसरं गाणं त्याला नको होतं आणि हे परवडत नव्हतं. शेवटी त्याच गाण्याचा व्हिडिओ आवाज काढून वेबसाइटवर टाकला. त्यात लाल कोट घातलेली माणसं गाल फुगवून, अत्यंत गंभीरपणे, काहीच वाजवत नाहीत.

वेबसाइट पाहून पहिला फोन अकोल्याच्या एका शाळेतून आला. गॅदरिंगसाठी कोट भाड्याने मिळतील का, असं त्यांनी विचारलं. मिळाले.