धाकूला एकच शब्द हवा होता

धाकू परबाच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगायचा धीर होईलच असं नाही.

बेचाळीस साली तो एका मोठ्या प्रवासी बोटीवर आगवाला होता. बॉयलरखाली कोळसा टाकायचं काम. लढाईमुळे त्या बोटीतून सैनिक जाऊ लागले होते. त्याच्या घरी कुणाला वाचता येत नव्हतं, म्हणून पत्र गावचा शाळामास्तर या नात्याने माझ्या नावे आलं. "मुलगा झाला की मुलगी? चांगलंसं नाव तू पुस्तकातून काढ आणि लगेच कळव. पुढच्या बंदरात वाट बघतो."

मुलगी झाली होती. तेवढं कळवायचं सोडून मी नाव शोधत बसलो. चाळीस नावं काढली, एकही पसंत पडेना. त्याची बायको पत्राची चौकशी करायला आली तेव्हा म्हणालो, "अजून काही आलं नाही." नाव ठरलं की सगळं एकदम सांगू, असा विचार. मग बोट बुडाल्याची तार आली, आणि ते पत्र दाखवायला मला तोंडच राहिलं नाही.

ती मुलगी, मंजुळा, आता साठीला टेकलीय. गेल्या महिन्यात देवगडच्या बाजारात भेटली. "गुरुजी, बापाशीन माझी कधी चौकशीसुदा केल्यान नाय," म्हणाली. हसत म्हणाली. तेव्हापासून तिला लिहितोय. माझं पत्र आणि धाकूचं जुनं पत्र लिफाफ्यात घातलंय, पण लिफाफा उघडाच ठेवलाय. एखादं वाक्य बदलावंसं वाटलं तर.

आज दुपारी जेवून, लिफाफा मांडीवर घेऊन आरामखुर्चीत पडलोय. डोळे मिटतात न मिटतात तोच कपाटातली पुस्तकं ढासळू लागतात. खाली पडतात ती कोळसा होऊन. पायाखाली लोखंड तापलंय. भट्टीसमोर धाकू उभा आहे, बावीस वर्षांचा, गळ्यात ओला पंचा.

"मास्तरा, अजून पुस्तकात शोधतंस काय?"

कुठेतरी मोठा धक्का बसतो. जमीन कलते. घोट्यापर्यंत पाणी. त्याच्या मागे वर जायची शिडी आहे. बाकीचे केव्हाच चढून गेलेत.

"धाकू, आधी वर चल!"

"झील की चेडू?"

"चल म्हणतो ना!"

"आयकल्याबिगर मी येवचंय नाय."

शिडी आता माझ्या वर्गात आहे, फळ्याला टेकलेली. बाकांखाली समुद्र. माझ्या हातात खडू. "त्याचं असं आहे, धाकू, त्या वेळी मी..."

"प्रस्तावना नको रे मेल्या! पाणी बघ. एक शब्द सांग."

छातीपर्यंत पाणी. चाळीस नावं घशात अडकलीत.

"चेडू!" मी ओरडतो. "चेडू झाला, धाकू. मंजुळा. तुझ्या बायकोन नाव ठेवल्यान."

"मंजुळा," तो हलकेच म्हणतो. मग माझ्याकडे रोखून बघतो. "मी इचारललंय, ता तिका म्हायती हा?"

मी मान हलवतो. नाही.

पाण्याच्या वर धरलेल्या माझ्या हातात तो लिफाफा आहे. "हेका चिकटवूक काय झाला?"

"एक वाक्य जरा..."

तो लिफाफा हिसकावून घेतो, गोंदाच्या कडेवरून जीभ फिरवतो, अंगठ्याने दाबतो. "आता हात लावू नको." आणि शिडीकडे वळतो. चढला की नाही ते दिसत नाही. पाणी माझ्या डोळ्यांवरून जातं.

जाग येते तेव्हा चार वाजलेत. स्वयंपाकघरात चहाचं भांडं वाजतंय. लिफाफा मांडीवर आहे, चिकटवलेला. झोपेत मीच चिकटवला असेल. कडेला जीभ लावून पाहतो. खारट.

आता वाक्य बदलायचं तर लिफाफा फाडावा लागेल. मी चपला घालतो.

"चहा?" सून विचारते.

"आल्यावर घेतो."

नाक्यावरची पेटी पाचला उघडतात. लिफाफा आत सोडतो, आणि तो तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच उभा राहतो.